राजा उभाच होता

"हो तर पखवाज," असं म्हणून सासूबाई सभागृहाच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या.

आत कुणीतरी पखवाज सुरात लावत होतं. एक थाप, मग जरा थांबून दुसरी. रविवारची संध्याकाळ, साडेसहाचा खेळ, डिचोलीच्या बायका नटूनथटून आमच्या बाजूने आत चालल्या होत्या. माझी नणंद सुविधा हिने लगेच पर्समध्ये डोकं खुपसून तिकिटं शोधायला सुरुवात केली. तिकिटं माझ्या हातात होती.

"सुविधा, तू माका मुंबयचां नाटक म्हणान सांगलंस," आई म्हणाल्या.

"नाटकच तां, आये."

"कोणाचां?"

सुविधा पर्समध्येच शोधत राहिली. तिची मुलगी सेजल अकरावीत आहे आणि तिला मोठ्यांची लपवाछपवी अजून जमत नाही. तिने सरळ भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं आणि आमचं बिंग फुटलं. फलकावर माझ्या सासऱ्यांच्या जुन्या दशावतार मंडळाचं नाव होतं.

बेत सुविधाचा होता. ती मयेला राहते, डिचोलीत नोकरी करते, आणि वर्षातून एकदा आम्हा बायकांना कुठेतरी घेऊन जायचंच असा तिचा हट्ट असतो. पुरुषांनी घरी भात लावावा, आमटी जळाली तर जळू द्यावी. गेल्या वर्षी आम्ही तळ्यावर गेलो होतो. या वर्षी नाटक. तिच्या जावेसकट पाच तिकिटं काढली होती, जावेचे गुडघे ऐनवेळी रुसले, म्हणून आम्ही चौघी. आईंना घेऊन मी हळर्णाहून आले होते. दशावतार म्हटलं असतं तर त्यांनी चपलाही घातल्या नसत्या, म्हणून मुंबईचं विनोदी नाटक असं खोटं सांगितलं. त्या खोट्यात मीही होते.

आईंनी, म्हणजे सरस्वतीबाईंनी, दशावतारी नटाशी संसार केला, मग दशावतार त्यांच्यापासूनच लपवायचा कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. संसार त्यांनी त्रेचाळीस वर्षं केला. आणि त्यातला एकच खेळ पाहिला.

माझे सासरे कृष्णनाथ हे स्त्रीपार्टी नट, म्हणजे बायकांची कामं करणारे. पेडण्यापासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत जत्रांमध्ये त्यांना 'राणी' म्हणून ओळखत. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. आख्यान ठरलेलं असतं, पण बोलणं ज्याने त्याने तिथल्या तिथे उभं करायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी गावच्या जत्रेत आई पुढच्या रांगेत बसल्या. राणी पडद्यातून बाहेर आली, तिने आपल्या बायकोला पाहिलं, आणि तिला शब्दच सुचेनात. पायपेटीवाल्याने दोनदा सूर दिला तरी नाही. मंडळाची अब्रू गेली. तेव्हापासून घरात नियम झाला की आईंनी खेळाला यायचं नाही. गावात जत्रा असली की त्या घरी बसून लांबून पखवाज ऐकायच्या. शब्द तिथवर पोचत नसत.

त्या स्वतः काजूच्या कारखान्यात जायच्या. भाजलेल्या बिया फोडायच्या, गर सोलायचे. बियांच्या तेलाने बोटांची टोकं काळी पडली ती कायमची. कशालाही हात लावला की पदराच्या कडेला बोटं पुसायची त्यांना सवय आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून पुसतात.

आणि एक गोष्ट, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सुविधाच्या पाठीवर त्यांना एक मुलगा झाला होता, सुधीर. पाच वर्षांचा असताना मार्गशीर्षात त्याला ताप चढला, आकडी आली, आणि म्हापशाला नेताना टेम्पोतच तो गेला. सासरे जत्रांच्या फेरीत होते. मंडळ रोज नव्या गावात, निरोप द्यायचा तरी कुठे? तो पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी. ते आले तेव्हा डोळ्यांत काजळ तसंच होतं, कानामागे रंग होता. आईंनी त्यांना सुधीरला ठेवलं होतं त्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. सुविधा तेव्हा सात वर्षांची, ती दाराबाहेर उभी होती. आतलं तिला काही ऐकू आलं नाही. फक्त शेवटी आई मोठ्याने बोलल्या ते आलं.

"तुमी खंय होतास?"

सासऱ्यांनी उत्तर दिलं नाही. तेराव्यानंतर ते मंडळात परत गेले. सुधीरचं नाव त्यांनी घरात पुन्हा कधी घेतलं नाही. त्यानंतर माझा नवरा अजय झाला, घराला लादी बसली, सुविधाचं लग्न झालं. नवराबायको एकमेकांशी बोलत होती, पण पेज वाढली, पाऊस आला, शेजारची म्हैस व्याली, इतकंच. आईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या, हे मला सून म्हणून घरात आल्यावर आठवडाभरातच कळलं. माझे आईवडील हौसा आणि भैरू चंदगडहून इकडे बांधकामावर आले, ते दिवसातून दोनदा कडाकडा भांडायचे आणि दोनदा हसायचे. या घरातली शांतता मला अंगावर यायची.

चार वर्षांपूर्वी सासरे आजारी पडले. शेवटच्या दिवशी आईंनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि तासभर त्यांच्या उशाशी बसल्या. बाहेर आल्या तेव्हा, बाबा काही बोलले का, असं सुविधाने नजरेनेच विचारलं.

"नाय," एवढंच म्हणाल्या आणि पाणी तापवायला गेल्या.

तेव्हापासून ते घर मला एकटीला सोसत नाही, हे मी अजयलाही सांगितलेलं नाही. सासरे विहिरीपाशी उभे राहून बाईच्या आवाजाचा सराव करायचे. नवी सून असताना मी तो आवाज ऐकून कोण बाई आली म्हणून धावले होते आणि समोर पंचा नेसलेले सासरे पाहून लाजेने परत फिरले होते. ते गेल्यावर दोनेक महिन्यांनी, तिन्हीसांजेला, मी आणि आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. विहिरीकडून एक बाई हळूच हसली. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आईंकडे. मग दोघींनी खाली पाहून चिरायला घेतलं. असं तीनदा झालं आहे. शेजारच्या घरचा टीव्ही असेल. शेजारच्या घरात कुणी राहत नाही.

तर आई तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. सुविधाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बापावर तिचा फार जीव. "आये, बाबांनी काय केला ता तू एकदा तरी बघ. आता तुका बघून भियेपाक ते नाय," ती म्हणाली.

आईंनी फलकाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "आयलंव तर बसया."

आमच्या जागा चौथ्या रांगेत होत्या. सेजल, सुविधा, मी, आई, आणि आईंच्या पलीकडे ती पाचवी रिकामी खुर्ची. खेळ सुरू व्हायच्या जरा आधी एक बाई आली. तिने त्या खुर्चीकडे हात करून इथे कोणी आहे का असं विचारलं. मी नाही म्हणणार होते. आई माझ्याआधी बोलल्या.

"आसा," त्या म्हणाल्या.

बाई पुढे गेली. मी आईंना विचारलं नाही. पण त्यानंतर मला त्या खुर्चीकडे पाहवेना, आणि न पाहताही राहवेना.

दिवे मंदावले. जत्रेतला खेळ मी पाहिला आहे, मांडवात, शेंगदाणे खात. सभागृहात तो जरा वरमलेला वाटला. तेच एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच पलंग, तेच जंगलातलं झाड. मागे पडदा. पण वर लाल-निळे दिवे, आणि एका कोपऱ्यात घड्याळ, कारण नाट्यस्पर्धेच्या अशा महोत्सवात दोन तासांत आटपायचं असतं. आख्यान असं होतं की राजा दिग्विजयाला जातो, मागे कटकारस्थान होतं, राणीला मुलासकट वनवास घडतो. राक्षस आला तेव्हा सेजलने त्याचा फोटो काढला. विनोदी पात्राने आमदारांवर कोटी केली, लोक हसले, मीही हसले. आई सरळ बसून होत्या.

राणी झाला होता दत्ताराम. सासऱ्यांचा शिष्य. घरी यायचा, त्यांच्या मर्तिकाला चार दिवस राबला होता. पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने आडवा, गावात भुसारी दुकान. पण पडद्यातून बाहेर आला तो बाईच होऊन. मान किंचित डावीकडे कलती. बोलताना समोरच्याकडे न पाहता त्याच्या खांद्याकडे पाहणं. वनवासातली राणी फळं गोळा करते असा प्रसंग आला. तिने फळं ठेवली आणि पदराच्या कडेला बोटं पुसली. एकेक बोट, टोकाशी.

"मम्मा," सेजल कुजबुजली, "ती आजीसारखी करता."

सुविधा फिदीफिदी हसली आणि मग हसायची थांबली. मी आईंच्या हातांकडे पाहिलं. त्यांची बोटं पदराच्या कडेत होती. त्यांनी ती हळूच बाहेर काढली आणि हात मांडीखाली दाबून धरले.

या बाईला तिच्या नवऱ्याने कधी नीट पाहिलंच नाही अशी माझी समजूत होती. इथे तिचं चालणं, तिची मान, तिची बोटं असं सगळं उचलून त्याने दुसऱ्याच्या अंगावर चढवून ठेवलं होतं. ज्याने पाहिलं तो गेला होता आणि पाहिलेलं इथे चालत होतं.

मग राजपुत्र मेला. विषारी फळ खाऊन. बाकड्यावर कापडाची गुंडाळी ठेवली होती, तोच राजपुत्र. राणी धावत आली. आतापर्यंत ती राणीला शोभेल असं बोलत होती, हे प्राणनाथ, हे विधात्या, हे वनदेवते. दशावतारात राजेराण्या असंच बोलतात, घरचं बोलणं विनोदी पात्राला. आता ती मोठा विलाप करणार म्हणून पायपेटीवाला सरसावून बसला असेल असं मला वाटलं, पण त्याने भाता मिटला. पखवाजवाल्याने हात मांडीवर घेतले. राणी बाकड्याशी खाली बसली आणि साध्या आवाजात बोलायला लागली.

"उठ रे. पेज थंड जाली. तुका साय आवडता म्हणान मी ती बाजूक काढून दवरलंय, कोणाक दिवक नाय."

राणी अशी का बोलते हे कुणाला कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

मी आईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं दत्तारामाच्या मागोमाग पुटपुटताहेत, देवळात आरतीला बायका पुटपुटतात तसं. मग लक्षात आलं की मागोमाग नाही. त्या पुढे होत्या. शब्द आधी त्यांच्या ओठांवर येत होता आणि मग रंगमंचावरून ऐकू येत होता.

"पाय बघ तुझे, मातयेन भरलेत. असो निजतत? लोक म्हणतले, आवयेन पाय धुवक नाय. उठ बाळा, पाय धुवया."

बाळा असं राणी म्हणाली. आईंचे ओठ तिथे 'सुदू' म्हणाले.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्या डाव्या बाजूला जिवंत बाई बसली होती आणि समोर एक पुरुष तिच्या बोटांनी त्या कापडाच्या गुंडाळीचे पाय चोळत होता, आणि शब्द दोघांमध्ये ये-जा करत होते. त्या पलीकडच्या खुर्चीकडे तर मी मान वळवूच शकले नाही.

इतक्यात राजा आला. दिग्विजय करून, मुकुट घालून, अंगरख्यावर जरीचा पट्टा. राणीने मान वर केली. त्याच्या खांद्याकडे पाहत विचारलं, "तुमी खंय होतास?"

आणि राजा उभा राहिला.

दशावतारातला राजा गप्प राहत नाही. त्याला गप्प राहणं परवडत नाही, बोलण्यावरच त्याचं नाव चालतं. हा राजा मान खाली घालून उभा राहिला. वाद्यं नाहीत. दिवा त्याच्यावर तसाच. किती वेळ कोण जाणे. आमच्या मागे कुणीतरी म्हणालं, "विसारलो काय रे?" आणि दुसऱ्याने शू केलं. राजा उभाच होता. मग पडद्याआडून झांज वाजली, देव प्रकटला, त्याने राजपुत्राला उठवलं, आख्यान गोड झालं.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवून उठले, बाहेर चहाकडे गेले. सुविधा हमसून रडत होती, तिने तो शेवटचा प्रश्न ओळखला होता. बाकीचं तिला माहीत नव्हतं. ते माहीत असणारी माणसं जगात दोनच होती.

आई बसून होत्या. मी म्हटलं, "आई, पाणी देऊ?"

"तां माझा," त्या म्हणाल्या.

"काय तुमचं?"

"बोलणां. त्या दिसा खोलयेत मी बोललंय ता. ते आनी मी, आनी सुदू. चवथां कोण नव्हतां." पदराची कड चाचपत म्हणाल्या, "माका वाटलां, त्यांनी आयकूक नाय."

मग त्या उठल्या आणि बाहेरच्या दाराऐवजी रंगमंचाकडे चालायला लागल्या. आम्ही तिघी मागोमाग.

मागच्या बाजूला अरुंद खोली होती. आरशाभोवती दिवे, पत्र्याच्या ट्रंका, खोबरेल तेलाचा वास. दत्तारामाने केसांचा टोप काढला होता, पण साडी आणि कुंकू तसंच होतं. अर्धा बाप्या, अर्धी बाई. त्याने आईंना पाहिलं आणि तो इतका दचकला की हातातला तेलाचा बोळा खाली पडला. दादांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बायकोने कधी खेळ पाहायचा नाही हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मग तो पुढे येऊन आईंच्या पाया पडला. त्या साडीत, त्या बांगड्यांत. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला दिसलं की त्या एका बाईच्या डोक्यावर हात ठेवतात तसा ठेवत होत्या.

त्याला वाटलं काहीतरी चुकलं. तो भराभर सांगायला लागला. "काकी, बाकी सगळां आमी आमचा बोलतंव. दादांनी माका कधी एक शब्द शिकवूक नाय. म्हणायचे, तुझी राणी तू बोल. पण ही जागा मात्र त्यांची. हंयचो एक शब्द हलवायचो नाय म्हणान माझ्याकडसून देवाच्या पायार हात ठेवून घेतलो त्यांनी."

"ते स्वता बोलायचे? ही जागा?"

"हर खेळाक. ह्या आख्यान लागला की."

"कधीपासून?"

दत्तारामाने आठवून पाहिलं. तो मंडळात आला तेव्हा दादा ते करतच होते. जुने म्हणायचे की एका वर्षी मार्गशीर्षातच, मध्ये पंधरवडाभर घरी राहून परत आले, आणि पहिल्याच खेळात राणी अचानक घरचं बोलायला लागली. पायपेटीवाल्याला कळेना काय वाजवावं. राजा झालेल्या नटाने सवयीने उत्तर दिलं, देशाचं रक्षण, क्षत्रियाचा धर्म वगैरे. खेळ संपल्यावर दादांनी, ज्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही, त्या राजाची गचांडी धरली. म्हणाले, परत जबाब दिलास तर याद राख.

"मी विचारलंय त्यांका एकदा," दत्ताराम म्हणाला, "दादा, राजान गप्प कित्याक रवायचा? तर म्हणाले, ह्या प्रश्नाक जबाब नाय रे. जो देशीत तो खोटोच." त्याने खाली पडलेला बोळा उचलला. "आनी ही जागा जाली की ते पडद्यामागे जावन बसत. फुडली एन्ट्री येयसर त्यांच्याकडे कोण बोलत नसा."

आई भिंतीला टेकल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी हिशेब करायचा नाही असं ठरवलं तरी मनात आलंच. दर हिवाळ्यात, उन्हाळ्यात, गावोगावच्या मांडवात हा माणूस तिचं लुगडं नेसून, तिची मान कलती करून, स्वतःलाच विचारत आला होता. आणि समोर स्वतःच्या जागी एकेक राजा उभा करून त्याला बोलू देत नव्हता. घरी येऊन मात्र पेज जेवून झोपत होता. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. एवढं सगळं जत्रेला दिलंत, त्यातलं एक वाक्य घरी आणलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण ते माझं मत. मला कुणी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यात राजा झालेले गृहस्थ पाणी पीत उभे होते. मुकुट अजून डोक्यावर, पट्टा सोडलेला. मंडळात नवीन, पोस्टात नोकरी करणारे, नाव कळलं नाही. ते चिडलेले होते आणि संधी साधून बोललेच. दर वेळी लोकांना वाटतं मी शब्द विसरलो. परीक्षकांनीही आता तेच विचारलं. दादा मोठे होते, मान्य, पण आता काळ बदलला, राजाने दोन वाक्यं बोललीच पाहिजेत. दत्ताराम त्यांना दटावणार होता, पण ते आईंकडे वळले. त्यांना आई कोण ते कळलं होतं, पण शब्द कुणाचे ते कळलेलं नव्हतं. ते त्या खोलीत आम्ही चौघी सोडून कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि आईंनी ते सांगितलंही नाही.

"काकी, तुमीच सांगा," ते म्हणाले. "राजान किता म्हणूक होया?"

सगळे आईंकडे बघायला लागले. सुविधाने माझा दंड धरला. बत्तीस वर्षं जी बाई उत्तराची वाट पाहत होती तिलाच ते उत्तर विचारलं जात होतं. मला वाटलं आता त्या बोलतील, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडेल, शिव्या देतील, रडतील. पडावं बाहेर असं मला मनापासून वाटत होतं.

आई त्या माणसाकडे पाहत होत्या. मुकुटाकडे, गालावर घामाने ओघळलेल्या रंगाकडे, डोळ्यांतल्या काजळाकडे.

"काय म्हणूक नको," त्या म्हणाल्या. "जबाब नाय तर नाय."

राजाने हात झटकले. दत्तारामाने मान हलवली, ठरलं म्हणून.

"पण त्याका उबो कित्याक दवरतास?" आई म्हणाल्या. "येवढ्या लांबसून आयलो. थंय बाकडो आसा मरे. बसूक सांगा त्याका."

दत्ताराम गोंधळला. "कोण सांगतलो, काकी? वाद्यां नाय, देव तवसर येवक नाय."

"ती सांगतली. राणी."

"कशा सांगूचा? म्हणजे, शब्द?"

रंगमंचावरचं ते बाकडं सामान भरायच्या घाईत कुणीतरी आत आणून भिंतीशी ठेवलं होतं. त्यावर ती कापडाची गुंडाळी तशीच पडली होती. आईंनी पुढे जाऊन ती उचलली, कडेला सरकवून नीट ठेवली, आणि बाकड्यावर जागा केली. मग त्या पोस्टातल्या माणसाकडे वळल्या. खांद्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. तो माणूस बाकड्यापाशी गेला आणि बसला. थोड्या वेळाने त्याने मुकुट काढला आणि मांडीवर धरला. आई त्याच्या शेजारी, गुंडाळीच्या पलीकडे बसल्या. बाहेर आमच्या भाड्याच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. आम्ही तिघी दाराशी उभ्या राहिलो आणि कुणीही त्यांना हाक मारली नाही.